बाळ झाल्यावर दुसऱ्या हॉस्पिटलला हलवायचं की आईलाच आधी हलवायचं?

अबोली_दादर
मदत हवी आहे, जरा मोठं लिहितेय. धाकटी बहीण भांडुपला असते. जुळं आहे, तिसावा आठवडा लागेल आता. मागच्या तपासणीत बीपी १५०/१०० निघालं, गोळ्या चालू केल्यात, पायावर सूज आहे. नाव घातलंय घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये, मोठ्या मुलाचं बाळंतपण तिथेच झालं, डॉक्टर मॅडम स्वभावाने खूप चांगल्या आणि तिच्या सासूबाईंचा त्यांच्यावर पक्का विश्वास. पण तिथे एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, लागलंच तर बाळांना अँब्युलन्सने हलवू, आमचं टायअप आहे. मला हे "लागलंच तर" झोपू देत नाहीये. घरी सगळ्यांचं म्हणणं की मुंबईत काय, पावलोपावली हॉस्पिटल आहे, अर्ध्या तासात पोचतं बाळ. खरंच इतकं सोपं असतं का? ज्यांचं बाळ असं हलवावं लागलं त्यांनी प्लीज लिहा.

गिरणगाव
आईला हलवा. आत्ता, कळा नसताना. बाकी चर्चा नंतर.

निळी_छत्री
अबोली, अर्ध्या तासात पोचतं हे आम्हालाही सांगितलं होतं.
माझी मुलगी ३१ आठवड्यांची. रात्री पाणी गेलं, पश्चिम उपनगरातल्या एका छोट्या हॉस्पिटलला नेलं, नाव तिथेच होतं. पोरगी झाली, रडली पण, वजन १३०० ग्रॅम. मग फोनाफोनी सुरू. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न, बाळ बाहेर जन्मलंय का? बाहेरचं असेल तर बेड नाही. शेवटी परळला एका ठिकाणी हो म्हणाले तोवर उजाडायला आलं होतं. अँब्युलन्स आली ती साधी, मोठ्या माणसांची. बाळाला उबेत ठेवायची पेटी (इनक्युबेटर) नाही, वॉर्मर नाही. बाळाला हॉस्पिटलच्या चादरीत गुंडाळलं, त्यावर सासूबाईंनी स्वतःची शाल घातली आणि छातीशी धरून बसल्या. मोठ्या माणसाचा ऑक्सिजन मास्क वॉर्डबॉय बाळाच्या तोंडाजवळ धरून होता आणि गाडीचा एसी चालू, कोणाच्या लक्षातच आलं नाही. पोचल्यावर ताप मोजला तर ३४.६ आणि शुगर २८. तिथल्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य, बाळ आजारी नव्हतं, वाटेत आजारी झालं.
मी इकडे टाक्यांसकट पडलेले, बाळ नुसतं लांबून पाहिलेलं. पोरगी आज शाळेत जाते, बडबडी आहे. पण ती रात्र तुमच्या बहिणीच्या वाट्याला येऊ नये म्हणून लिहिलं.

कुर्ला_ईस्ट
शालीचं वाचून काटा आला अंगावर. आजीने मात्र योग्य केलं ना, छातीशी धरलं?

पेटीवाली_सिस्टर
हो, त्या गाडीत आजींची छाती हीच एक गरम जागा होती. मी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या एनआयसीयूत नोकरी करून रिटायर झाले, बाहेरून आलेली बाळं घेण्यातच निम्मी नोकरी गेली, म्हणून सविस्तर लिहिते.
बाहेरून आलेलं बाळ घेतलं की आम्ही पहिल्यांदा हात लावायचो तो तळपायाला. तळपाय गार आणि पोटही गार म्हणजे बाळ चांगलंच थंड पडलंय. नॉर्मल ३६.५ ते ३७.५. ३६ च्या खाली गेलं की ते नुसतं "थोडं गार" राहत नाही, बाळ ऊब तयार करायला साखर जाळतं, ऑक्सिजन जास्त वापरतं, मग शुगर पडते, श्वास बिघडतो, एकातून एक सुरू होतं. छत्रीताईंच्या मुलीचं नेमकं हेच झालं.
म्हणून बाळ हलवायच्या आधी ते जिथे आहे तिथेच स्थिर करायचं असतं. टाचेला टोचून शुगर बघायची, कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे २ मिली द्यायचं आणि मग सलाईन चालू ठेवायचं. अगदी लहान बाळ असेल तर पुसत न बसता मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत, डोक्याला टोपी. श्वास धड नसेल तर नळी इथेच घालायची, चालत्या गाडीत नाही. नळी घातली की किती सेंटीमीटरवर चिकटवली ते कागदावर लिहायचं, कारण वाटेत ती हलते आणि पोचल्यावर कोणालाच सांगता येत नाही की मुळात कुठे होती. पोट फुगलं असेल तर तोंडातून पोटात नळी. व्हिटॅमिन के दिलं का नाही ते लिहायचं. हे सगळं करायला तास-दीड तास लागतो आणि नातेवाईक दारात उभे राहून ओरडत असतात की लवकर निघा. त्यांची घालमेल कळते हो. पण तो तास वाया गेलेला नसतो.

कांदेपोहे
मी वेगळं मत मांडतो, सगळेच एका सुरात बोलताय म्हणून.
माझा मुलगा ३४ आठवड्यांचा, अंबरनाथच्या छोट्या नर्सिंग होममध्ये झाला. तासाभरात धाप लागली, कण्हत होता. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न घालवता ठाण्याला फोन लावला आणि तिकडून टीमच आली, डॉक्टर, सिस्टर, पेटी, छोटा व्हेंटिलेटर सगळं घेऊन. सिस्टर म्हणतात तसंच, आम्ही निघा निघा करत होतो आणि ते शांतपणे पट्ट्या कापून नळी चिकटवत होते. पोरगा मस्त आहे आता, क्रिकेटचं वेड. तेव्हा बाळ हलवणं म्हणजे सगळं संपलं असं नाही. छोट्या नर्सिंग होमना व्हिलन करू नका. आणि जरा बीपी वाढलं की प्रत्येक बाई मोठ्या हॉस्पिटलला पाठवली तर तिकडे एका बेडवर दोन दोन बाळंतिणी, तेही बघितलंय.

पेटीवाली_सिस्टर
पोहे, तुमच्या बाळाला न्यायला टीम आली. तिकडून पेटी घेऊन कोणी आलं, की इकडून जी मिळेल ती गाडी बोलावली, फरक सगळा तिथेच आहे. अबोली, "टायअप आहे" म्हणतात ना, त्यांना हेच विचार. टायअप बेडशी आहे, न्यायला येणाऱ्या टीमशी आहे, की फक्त अँब्युलन्सवाल्याच्या फोन नंबरशी?

स्टेअरिंग_सायन
मी अँब्युलन्स चालवतो म्हणून दोन गोष्टी. भांडुप ते परळ रात्री दोनला निघालात तर हायवेने काहीच नाही. सकाळी नऊला सायनपासून पुढे देव आठवतो. पावसात हिंदमाता आणि गांधी मार्केट भरलं तर सायरन वाजवून पाणी बाजूला होत नाही. पश्चिमेकडून येणाऱ्यांना एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून परळला वळसा पडतो. अर्धा तास कोण म्हणालं त्यांना एकदा सकाळी गाडीत बसवा माझ्या.
दुसरं ऑक्सिजनचं. नातेवाइकांनी काटा स्वतः बघावा, लाजू नये. बी टाइप सिलिंडर फुल असेल तर साधारण १५०० लिटर. मिनिटाला ५ लिटर चालू असेल तर ३०० मिनिटं. काटा अर्ध्यावर असेल तर १५०. वाटेत जेवढा वेळ लागेल वाटतं त्याच्या दुप्पट असायला हवा. आणि पेटीची बॅटरी चार्ज आहे का तेही विचारा.
बाळ असलं की मी गाडी पळवत नाही. खड्ड्यात एक दणका बसला की आत सिस्टर ओरडते आणि ती बरोबरच असते. सायरनही सिग्नलपुरता.

गिरणगाव
स्टेअरिंगदादा, असे ड्रायव्हर सगळ्यांना मिळोत. हिंदमाता आमच्या दारातच, त्या पाण्याचं काय सांगू. लहानपणी शाळेला सुट्टी म्हणून नाचायचो त्यात.

बालरोग_ठाणे
बालरोगतज्ज्ञ आहे, ऑनलाइन सल्ला देत नाही पण अबोलींच्या प्रश्नाला सर्वसाधारण उत्तर देता येईल.
३२ आठवड्यांच्या आत बाळंतपण होण्याची शक्यता दिसत असेल तर आईला पोटातल्या बाळासकट हलवणं जवळजवळ नेहमीच जास्त सुरक्षित. जगात आईच्या पोटासारखी दुसरी ट्रान्सपोर्टची पेटी बनलेली नाही. तापमान, साखर, ऑक्सिजन सगळं आपोआप. शिवाय वेळ मिळाला तर आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देता येतात, आपल्याकडे डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी असे ४ डोस. त्याने बाळाची फुप्फुसं तयार व्हायला मदत होते, पूर्ण फायदा साधारण २४ तासांनी दिसतो म्हणून धावपळीच्या आधी ठरवायचं. फार लवकर होणार असेल तर मेंदूच्या बचावासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात.
पण पोहे म्हणतात त्यातही तथ्य आहे. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलंय, जोरात रक्तस्राव चालू आहे, आईला झटके येतायत, अशा वेळी आईला गाडीत घालणं धोक्याचं. तेव्हा तिथेच बाळंतपण करून बाळ स्थिर करून हलवायचं. आणि काही बाळांचं आधी कळतच नाही. हृदयाच्या काही दोषांत बाळ पहिला दिवस ठणठणीत दिसतं, मग जन्मानंतर बंद होणारी एक रक्तवाहिनी बंद व्हायला लागली की निळं पडतं. ती उघडी ठेवायला प्रोस्टाग्लँडिनचं इन्फ्युजन चालू करून मगच न्यावं लागतं, आणि त्या औषधाने श्वास थांबू शकतो म्हणून सोबत श्वास सांभाळणारा माणूस हवाच.
जुळ्यांत आणखी एक बघा, वार (प्लासेंटा) एक आहे की दोन. एकाच वारेची जुळी असतील तर एनआयसीयू नसलेल्या जागी थांबूच नये असं माझं स्पष्ट मत.

कुर्ला_ईस्ट
डॉक्टर एक शंका. सिस्टर म्हणतात बाळ थंड पडू देऊ नका. आणि माझ्या भाच्याला जन्मल्यावर रडला नाही म्हणून मुद्दाम थंड करून ठेवलं होतं तीन दिवस. मग नक्की काय?

बालरोग_ठाणे
दोन्ही बरोबर, बाळं वेगळी. तुमचा भाचा बहुतेक पूर्ण दिवसांचा असणार. जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या, दिवस भरलेल्या बाळांना जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करून ७२ तास ३३ ते ३४ डिग्रीवर ठेवतात. ते मॉनिटरवर नजर ठेवून केलेलं थंड करणं. अँब्युलन्सचा एसी म्हणजे कूलिंग नाही! आणि इथेही एकमत नाही, भारत, श्रीलंका, बांगलादेशात झालेली हेलिक्स नावाची ट्रायल २०२१ मध्ये आली, तिच्यात फायदा दिसला नाही, उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त होते. त्यामुळे सगळं उपलब्ध असलेल्या सेंटरनेच ते ठरवावं. कमी दिवसांच्या बाळाला मात्र ऊबच.

केवडा
आमचं बाळ राहिलं नाही. हृदयाचंच होतं, उशिरा कळलं. हलवण्यात कोणाची चूक नव्हती, सगळ्यांनी मनापासून केलं. एकच सांगायचंय. बाळाला गाडीत ठेवण्याआधी तिथल्या सिस्टरने पेटी माझ्या बेडशेजारी आणली, खिडकी उघडली आणि माझा हात आत घातला. बाळाने बोट धरलं. तेवढंच माझ्याकडे आहे. कितीही घाई असली तरी आईला बाळ दाखवल्याशिवाय नेऊ नका. वडिलांनी फोनवर एक फोटो काढून आईजवळ ठेवा.

निळी_छत्री
केवडा, काय लिहू. तुमचं म्हणणं अगदी पटलं, मला कोणी दाखवलं नव्हतं.

पेटीवाली_सिस्टर
केवडाताई, नमस्कार तुम्हाला. आमच्या युनिटला हा नियमच केला होता नंतर.

कागदपत्रे_काका
पैशांचं कोणी बोललं नाही म्हणून. घाईत लोक दागिने मोडतात आणि नंतर कळतं की योजना होती.
सरकारी आणि म्युनिसिपल ठिकाणी जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, त्यात बाळंतीण आणि आजारी नवजात बाळ दोघांचा औषधोपचार, तपासण्या, रक्त, आणि एका सरकारी दवाखान्यातून दुसऱ्यात नेणंही मोफत. १०८ ची गाडी फुकट आहे, पण फोनवर पहिलं वाक्य हे बोला की नवजात बाळ आहे, दिवस किती, वजन किती, ऑक्सिजनवर आहे की नळीवर. नुसतं "पेशंट आहे" म्हटलं तर येईल ती गाडी येईल. खाजगीत गेलात तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हॉस्पिटल आहे का ते विचारा, आत शिरल्या शिरल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणारा माणूस) शोधा, रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा. धर्मादाय ट्रस्टची हॉस्पिटलं असतील तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवायचं बंधन आहे, आणि इमर्जन्सीत डिपॉझिटसाठी अडवून धरता येत नाही. तिथल्या सोशल वर्करला भेटा, बिलिंगच्या काउंटरवर भांडत बसू नका.
बाळासोबत जाणाऱ्या फाइलचंही सांगतो: जन्माची वेळ, वजन, रडलं का, काय काय दिलं, आईचा रक्तगट, आईचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे सगळे कागद. मोबाइलमध्ये फोटो काढून दोघांकडे ठेवा. आणि फॉर्मवर सही करणारा बाप बाळासोबतच गेला पाहिजे, मागून रिक्षाने नको.

तुळस
आणि दूध! बाळ परळला, आई कल्याणला, मग दुधाचं काय? माझ्या नवऱ्याने बर्फाच्या डब्यात बाटल्या घालून सकाळच्या फास्ट लोकलने दूध नेलंय. गर्दीत डबा डोक्यावर धरून उभा, लोकांना वाटायचं मासे आहेत. एकाने तर विचारलं, पापलेट का? 😄 खरं कळल्यावर त्याच माणसाने खिडकीची जागा दिली, आणि पुढे रोज धरून ठेवायचा.
बाहेर साध्या हवेत काढलेलं दूध ४ तासांच्या वर ठेवू नका, मुंबईच्या उकाड्यात तर बर्फच. बाटलीवर तारीख वेळ लिहा. पहिल्या दिवशी चमचाभरच येतं, तेही पाठवा, चीक आहे तो.

गिरणगाव
पापलेट 😂 त्या माणसाला आमचा नमस्कार.

पेटीवाली_सिस्टर
तुळस, शाब्बास तुमच्या मिस्टरांची. ज्यांना दूध येत नाही त्यांच्यासाठी मिल्क बँक असते. सायनला डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली, आशियातली पहिली. दुसऱ्या आयांचं दूध तपासून, पाश्चराइज करून देतात. घरच्यांनी मध, घुटी, वरचं दूध काही चाटवायला आणू नका, सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाचं आतडं फार नाजूक असतं.
आणि आई आली की बाळ उघड्या छातीवर ठेवायचं. बाळ थोडं स्थिर होईपर्यंत थांबायचं असं आम्ही मानायचो. २०२१ मध्ये पाच देशांतल्या ट्रायलमध्ये, त्यात भारत पण होता, १ ते १.८ किलोच्या आतली बाळं जन्मल्या जन्मल्या आईच्या छातीवर ठेवली तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आई आणि बाळ दोन वेगळ्या हॉस्पिटलमध्ये असतील तर हे कसं करणार? म्हणूनही मी म्हणते, आईलाच आधी न्या.

कांदेपोहे
हा मुद्दा मला पटला. आमच्याकडे बायको बऱ्याच उशिरा पोचली बाळाजवळ. पण छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांनी वेळेवर रेफर केलं तर त्यांनाही शिव्या खायला लागतात हो, "पैसे काढायला पाठवतात" म्हणून. लोक समजून घेत नाहीत आणि मग डॉक्टर शेवटपर्यंत धरून ठेवतात.

बालरोग_ठाणे
हे शंभर टक्के खरं. वेळेवर पाठवणारा डॉक्टर मी तरी चांगला डॉक्टर मानतो.
जाता जाता, बाळ बरं होऊन परत घराजवळच्या हॉस्पिटलला आलं की डोळ्यांची तपासणी मधल्या मध्ये राहून जाते. २ किलोच्या आतलं किंवा ३४ आठवड्यांच्या आधीचं बाळ असेल तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा तपासायचा, अगदी लहान असेल तर त्याच्याही आधी. तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.

अबोली_दादर
सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, धावपळ चालू होती. हा धागा बहिणीला आणि भाऊजींना वाचून दाखवला. सासूबाईही ऐकत होत्या, निळी_छत्रीचं शालीचं ऐकून त्याच म्हणाल्या, चला मॅडमना विचारू. मॅडमना सिस्टरांचाच प्रश्न विचारला, टायअप कशाशी? त्यांनी सरळ सांगितलं की अँब्युलन्सशी आहे, बेडचं त्या वेळी बघावं लागतं. आणि मग त्यांनीच स्वतः पत्र लिहून दिलं, सगळे रिपोर्ट लावून, फोनही केला. राग वगैरे काही नाही, उलट म्हणाल्या तुम्ही विचारलंत बरं झालं, कोणी विचारत नाही. पोहे, तुमचं पटलं.
आता नाव अशा ठिकाणी आहे जिथे लेबर रूमच्या वरच्या मजल्यावर एनआयसीयू. वार दोन आहेत, एक नाही. बीपी अजून वरच आहे म्हणून अ‍ॅडमिट करून घेतलंय, स्टिरॉइडचे चारही डोस झाले.

निळी_छत्री
खूप बरं वाटलं.

पेटीवाली_सिस्टर
छान केलंत. आता एक विचारा, बाळं दोन आहेत तर एनआयसीयूत बेड दोन आहेत का? नाहीतर एक इथे आणि एक भलतीकडे असं होतं, बापाची धावपळ आणि आईचा जीव दोन ठिकाणी.

अबोली_दादर
बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या राउंडला विचारते.

अबोली_दादर
विचारलं. आज तीन बेड रिकामे आहेत, पण आधीपासून धरून ठेवता येत नाहीत म्हणाले. मात्र जुळं अ‍ॅडमिट आहे हे एनआयसीयूच्या बोर्डावर लिहिलंय, आणि भरलंच तर दुसरं कुठलं युनिट, तिथून पेटी घेऊन टीम येते की इथली जाते, हे केस पेपरवर लिहून घेतलं. इथलीच टीम जाते. भाऊजींनी त्या युनिटचा नंबर घेऊन ठेवलाय. तुळस, बर्फाचा डबा कुठला घेतला होता ते सांग, एक आणून ठेवते.

तुळस
भायखळ्याला घेतलेला, मासे ठेवायचाच आहे खरा, पण कोरा. पाच लिटरचा पुरतो, मोठा घेऊ नकोस, लोकलमध्ये जड होतो.